मागची पाटी आधी वाच

पोरी, आजोबांचे दोन्ही स्पीकर तू मुंबईला नेलेस ते बरं केलंस. माळ्यावर उंदरांच्या तावडीत राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कानी पडतील. अ‍ॅम्प्लिफायर नवा घेणार की कुणाकडून जुना, ते तुझं अजून ठरायचंय म्हणालीस. कुठलाही आण, पण वायरी खुपसण्याआधी मामाचं थोडं ऐकून घे. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत माझा जन्म गेला. तिथे जळून आलेले जे अ‍ॅम्प्लिफायर मी उघडले, त्यातले आपल्या मरणाने मेलेले थोडेच. बाकीच्यांना कुणीतरी मागच्या बाजूने मारलेलं असायचं. आमच्या वस्तादांचा नियम होता, गिऱ्हाइकाने सेट टेबलावर ठेवला की पहिल्यांदा तो उलटा फिरवायचा आणि मागची पाटी वाचायची. पुढच्या बटणांना हात त्यानंतर.

त्या पाटीवर स्पीकरच्या खुंट्यांजवळ बारीक अक्षरात ओहमचा आकडा असतो. '४ ते १६ ओहम', किंवा '६ ओहम किंवा जास्त' असं काहीतरी. स्पीकरच्या पाठीवरही एक आकडा असतो, घरगुती स्पीकरवर बहुधा ८, ६ नाहीतर ४. स्पीकरचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरने सांगितलेल्या सर्वांत लहान आकड्याच्या खाली जाता कामा नये, एवढंच बघायचं. वर गेला तर काही बिघडत नाही, आवाज जरा कमी येईल. खाली गेला की अ‍ॅम्प्लिफायर तापायला लागतो.

का, तेही समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. ओहम म्हणजे स्पीकरची अडवणूक. समज, आवाज वाढवलास आणि अ‍ॅम्प्लिफायरने २० व्होल्ट बाहेर ढकलले. समोर ८ ओहम असेल तर अडीच अ‍ॅम्पिअर वाहतात, म्हणजे ५० वॅट. तेच समोर ४ ओहम असतील तर ५ अ‍ॅम्पिअर आणि १०० वॅट. २ ओहम झाले तर १० अ‍ॅम्पिअर, २०० वॅट. बटण तिथेच आहे, तू काहीही वाढवलेलं नाहीस, पण आतल्या ट्रान्झिस्टरवरचा भार चौपट झाला. चांगल्या सेटमध्ये अशा वेळी संरक्षणाची रिले पडते किंवा फ्यूज जातो. स्वस्तात बांधलेल्या सेटमध्ये ट्रान्झिस्टरच आधी जातो, आणि त्याने वाचवलेला फ्यूज मग तसाच शाबूत सापडतो.

आजोबांच्या स्पीकरवरचं स्टिकर गळून पडलेलं असेल, तर मल्टिमीटर घे. स्पीकर सगळ्या वायरींतून सोडव आणि ओहमवर ठेवून मोज. मीटर पूर्ण ८ दाखवणार नाही. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात, ४ चा तीन-साडेतीनच्या आसपास येतो, कारण मीटर फक्त गुंडाळीच्या तारेचा रोध मोजतो आणि पाटीवरचा आकडा चालत्या आवाजाचा असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. शून्याला टेकत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो स्पीकर कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा नाही.

आता तुझ्या भावाचं ऐकायला येईलच, की गॅलरीत अजून दोन लावूया. इथेच सगळे फसतात. एकाच खुंटीत दोन स्पीकरच्या वायरी खुपसल्या, की दोन आठांचे मिळून ४ ओहम होतात आणि दोन चारांचे २. हॉलला एकाऐवजी दोन दारं केली तर गर्दी दुप्पट वेगाने बाहेर पडते, तसंच हे. स्पीकर वाढले म्हणून अडवणूक वाढत नाही, घटते. हे ज्याच्या डोक्यात शिरत नाही तो चार स्पीकर लावून आवाज दुप्पट झाला म्हणून खूश होतो आणि अर्ध्या तासात जळका वास आल्यावर आमच्याकडे येतो.

पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरवर 'ए', 'बी' आणि 'ए+बी' अशी कळ असते. तिची अट पाटीवर वेगळी लिहिलेली असते: फक्त 'ए' असेल तर ४ ओहमपासून चालेल, दोन्ही एकदम लावायचे तर प्रत्येक स्पीकर ८ चा हवा, अशा धर्तीची. काही कंपन्या आतल्या आत 'ए+बी' सिरीजमध्ये जोडतात. तिथे भार वाढत नाही, पण मग गॅलरीतला स्पीकर काढून ठेवला की हॉलमधलाही बंद पडतो, आणि माणूस सेट बिघडला म्हणून घेऊन येतो. आपण स्वतः सिरीज करायची म्हटली, तर एकाच्या काळ्यातून दुसऱ्याच्या लालमध्ये जायचं, दोन आठांचे १६ होतात. सेट सुरक्षित राहतो, आवाज मात्र दबतो. दोन वेगवेगळ्या जातीचे स्पीकर सिरीजमध्ये लावले तर दोघांचाही सूर बिघडतो, कारण प्रत्येक स्पीकरची अडवणूक स्वरागणिक बदलत असते आणि एकाचा चढउतार दुसऱ्याच्या आवाजात उमटतो. गॅलरीसाठी वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, असं माझं सरळ मत. भावाला सांग, मामाने सांगितलंय.

वायरीबद्दल दुकानदार तुला दोन टोकांच्या गोष्टी सांगतील. एक म्हणेल कुठलीही चालते, दुसरा सोन्याच्या भावाची वायर काढून दाखवेल. दोघांचंही ऐकू नकोस. आपल्या बाजारात फ्लेक्झिबल वायर चौदा-छत्तीस, तेवीस-छत्तीस, चाळीस-छत्तीस अशा नावांनी मागतात. पहिला आकडा आतल्या बारीक तारांची संख्या, दुसरा त्या तारेचा गेज. चौदा-छत्तीसमध्ये तांबं जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर, चाळीस-छत्तीसमध्ये सव्वाच्या किंचित खाली. स्पीकर दहा मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन वीस मीटर तांब्यातून जाते. चौदा-छत्तीस घेतलीस तर वायरीतच पाऊण ओहमच्या वर अडवणूक होते, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा जवळपास दहावा हिस्सा दम भिंतीच्या कडेला गरम होण्यात गेला. शिवाय खर्ज ढिला पडतो, पडद्यावरची सेटची पकड सुटते म्हणून. चाळीस-छत्तीसमध्ये तेच ०.३ ओहमवर येतं. एका खोलीपुरती चाळीस-छत्तीस किंवा इलेक्ट्रिशियन ज्याला 'दीडची' म्हणतात ती वायर भरपूर झाली. लांब न्यायची असेल, किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील, तर अडीचची घे. त्याच्या पलीकडे पैसे घालायचे तर गाण्यांवर घाल.

वायर तांब्याचीच आहे का, हे मात्र दुकानात उभं राहून बघायचं. हल्ली अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास तांब्याच्या नावाने खपवतात. टोक सोल, एक तार बाहेर काढ आणि ब्लेडने हलकी खरवड. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर मुलामा. वरून पांढरी पण आतून लाल निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, ती उत्तम. पारदर्शक वायरीत एक बाजू लालसर आणि एक चंदेरी दिसते ती बहुधा याच दुसऱ्या प्रकारची, म्हणून घाबरू नकोस. उलट त्या रंगफरकाचा फायदा घे: लालसर तार कायम लाल खुंटीला, चंदेरी काळीला. वायर एकाच रंगाची असेल, तर तिच्या एका अंगावर रेघ, छापील अक्षरं किंवा बोटाला लागणारी उंच कड असते. अंधारात टेबलामागे हात घातलास तरी ती कड नखाला कळते.

जोडताना अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग भिंतीतूनच काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कुणीतरी येऊन ते चालू करतं. टोक साधारण एक सेंटिमीटर सोल, जास्त नको. तारा ज्या दिशेला मुळात पिळलेल्या आहेत त्याच दिशेला चिमटीत घट्ट पिळ, आणि एकही केस बाहेर उभा राहिलेला नाही ना, ते उजेडात धरून बघ. ती एक चुकार तार शेजारच्या खुंटीला टेकली की शॉर्ट. मी दुकानातल्या पोरांना जोडणी झाल्यावर टॉर्च मारून खुंट्यांच्या मधली फट बघायला लावायचो. स्क्रूच्या खुंटीत टोकाला शिसं लावून घट्ट करू नये. शिसं दाबाखाली हळूहळू बसत जातं आणि महिन्याभरात पकड सैल होते. बनाना पिन किंवा दाबून बसवलेली लग बरी. स्प्रिंगच्या चिमट्यात मात्र शिसं लावलेलं टोक छान बसतं. आणि वायरीचं प्लास्टिक चिमट्यात जाऊ देऊ नकोस. पकड घट्ट वाटते, पण आत तांब्याला काही लागलेलंच नसतं.

आता लाल आणि काळा. अ‍ॅम्प्लिफायरची लाल खुंटी स्पीकरच्या लालला, काळी काळीला, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी घरोघरी एक स्पीकर उलटा सापडतो. दोन्ही उलटे लागले तर कुणाला कळायचंही नाही. एक सुलट आणि एक उलट, यात घात आहे. एकाचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो. ५० हर्ट्‌झच्या स्वराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, त्यामुळे आपल्या खोलीच्या मापात दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. वरचे बारीक स्वर असे सहज मरत नाहीत. म्हणून सेट चालतो, आवाजही येतो, पण तबल्याची चाट टणटणीत आणि डग्गा गायब. गाणारा समोर बसलेला वाटण्याऐवजी खोलीभर पसरतो, कानाच्या मागून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी लोक बास वाढवतात, मग नवीन सबवूफर घेतात.

तपासायचं असेल तर मोनो ध्वनिमुद्रण लाव. बालगंधर्वांची जुनी मुद्रणं चालतील, ती सगळी एकाच वाहिनीची, किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाब. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बस आणि डोळे मीट. आवाज दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. शंका राहिली तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, वीतभर अंतरावर आणून ठेव आणि एकाची लाल-काळी अदलाबदल करून पुन्हा ऐक. अदलाबदल करताना सेट बंद, हे सांगायला नकोच. ज्या जोडणीत खर्ज भरतो ती खरी.

आजोबांच्या स्पीकरच्या खुंट्यांवरचा रंग उडालेला असला तर वस्तादांची पेन्सिल सेलची परीक्षा आहे. पुढची जाळी काढ. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवलेला हवा. दीड व्होल्टच्या सेलची धन बाजू एका खुंटीला आणि ऋण दुसरीला क्षणभर टेकव, धरून ठेवू नकोस. मोठ्या वूफरचा पडदा 'ठक' करून पुढे आला तर धन ज्या खुंटीला लावलीस ती लाल. आत गेला तर उलटं. पडद्यावर बोटाचं टोक हलकं ठेवलंस तर डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. ट्विटरची काळजी नको. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो सेलचा करंट अडवतो. मात्र खोका उघडून आतला सुटा ट्विटर या पद्धतीने तपासायला जाऊ नकोस. आणि आत मिड किंवा ट्विटरच्या वायरी उलट लावलेल्या दिसल्या तर त्या सुधारू नकोस. क्रॉसओव्हरच्या हिशेबाने कारखान्यातच मुद्दाम तसं केलेलं असतं. हो, आणि जेबीएलच्या कित्येक जुन्या ड्रायव्हरचा कायदा उलटा होता: लालला धन दिली की पडदा आत जायचा. म्हणून दोन्ही स्पीकर एकाच पद्धतीने तपास आणि दोघांचं एकमेकांशी जुळव, मग कुणाचा कायदा कुठला याने फरक पडत नाही.

आता जे सांगतोय ते मात्र वस्तादांच्या काळात नव्हतं, हे माझं स्वतःचं. काळ्या खुंट्या सगळ्या एकच असतात, असं धरून चालू नकोस. जुन्या सेटमध्ये डावी काळी आणि उजवी काळी आतून एकाच जमिनीला जोडलेल्या असायच्या, म्हणून लोक दोन स्पीकरना मिळून तीनच वायरी ओढायचे. आजचे तळहाताएवढे डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर, ते टीपीए ३११६ चिपचे बोर्ड, आणि गाडीतले बहुतेक स्टिरिओ ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या काळ्या खुंटीवरही करंट खेळत असतो, ती जमीन नसते. दोन काळ्या एकत्र केल्या, किंवा काळी डब्याच्या पत्र्याला लागली, की चिप गेली. गाडीचा स्टिरिओ १२ व्होल्टच्या सप्लायवर घरी चालवायची आपल्याकडे हौस आहे. तिथे हेच होतं. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत वेगळ्या न्यायच्या. याच कारणाने दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पीकरला एकदम लावायचे नाहीत. बदलून वापरायचे असतील तर दोन्ही वायरी तोडणारी सिलेक्टर कळ घे.

मंडळाचा लाउडस्पीकरवाला अ‍ॅम्प्लिफायर गणपतीनंतर स्वस्तात मिळतोय, असं कुणी सांगेल. चालेल, पण त्याच्या मागे 'कॉमन', ४, ८, १६ ओहम आणि शिवाय ७० व १०० व्होल्ट अशी ओळ असते. त्या व्होल्टच्या खुंट्या लांबवर लावलेल्या, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. घरचा स्पीकर तिथे लावलास तर एका आलापात बसेल. कॉमन आणि ८, एवढ्याच वापर. तो सहसा मोनो असतो, तेव्हा दोन्ही स्पीकर लावायचे झाले तर वर सांगितलेला ओहमचा हिशेब करून. व्हॉल्व्हचा सेट कुणी दिला तर एकच पथ्य: स्पीकर न लावता तो आवाजावर चालवायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या सेटला शॉर्ट मारतो, व्हॉल्व्हच्या सेटला रिकामी खुंटी.

स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार खुंट्या असल्या तर त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. एकच वायर ओढणार असशील तर त्या जागच्या जागी राहू देत. पुसताना काढून ठेवल्या की नुसता खर्ज वाजतो किंवा नुसतं सिसकं.

जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतलास तर आजोबांचे स्पीकर त्याला लगेच लावू नकोस. आवाज शून्यावर ठेवून सेट चालू कर, दोन-चार सेकंदांनी आत 'टक्' होतं ती रिले, आणि मग मीटर डीसीवर ठेवून लाल-काळी मध्ये मोज. काही मिलिव्होल्ट, पाच-पन्नास असले तरी ठीक. व्होल्ट दिसले तर सेट बिघडलेला आहे, तो स्पीकरचा पडदा एका बाजूला खेचून गुंडाळी जाळेल. आमच्या टेबलावर यासाठीच एक फाटका स्पीकर कायम असायचा, दुरुस्त झालेला प्रत्येक सेट आधी त्या बळीच्या बकऱ्यावर वाजायचा. तूही भंगारातून एक आणून ठेव.

वॅटचा घोळ मोठा आहे, पण थोडक्यात: खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा वाचायचाच नाही. आणि स्पीकर जळायला मोठाच अ‍ॅम्प्लिफायर लागतो, हा गैरसमज काढून टाक. छोटा सेट पूर्ण पिळला की लाटेचे माथे कापले जातात, आणि त्या फाटक्या आवाजात पहिल्यांदा बळी जातो तो ट्विटर. आवाज चरचरला की मागे ये. चालू करताना सीडी किंवा फोन आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी. तो 'धप्प' आवाज येतो ना, तो पडद्याला बसलेला गुद्दा असतो.

मुंबईच्या हवेचं काय करायचं ते शेवटी सांगतो, कारण पुण्याहून तिथे गेलेल्यांना हे लक्षात येत नाही. दोन पावसाळ्यांत तांब्याची टोकं काळी पडतात, कधी हिरवी. एक स्पीकर मधेच बारीक होतो, वायर हलवली की परत येतो. तेव्हा सेट दुरुस्तीला नेऊ नकोस. पावसाळा संपला की प्लग काढ, दोन्हीकडची टोकं बोटभर कापून टाक, ताजं तांबं सोल आणि खुंट्या कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा आवळ. यासाठी आत्ताच दोन्ही बाजूंना हातभर वायर जास्त ठेव, वेटोळं करून कपाटामागे. दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्या लांबीच्या असाव्यात. विजेच्या वायरीच्या पट्टीत त्या घालू नकोस. आणि सोडवायच्या आधी मागच्या बाजूचा फोनवर फोटो काढून घे, लाल-काळी दिसेल असा. तो मला पाठव, म्हणजे मी इथून बघून सांगतो.